पेट इमर्जन्सी किट घ्यावं का? सोलापूरच्या हिशोबाने सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगते. पाचपैकी तीन स्टार. किट, म्हणजे पूर-आगीसारख्या वेळी पाळीव जनावराला घेऊन निघायची भरलेली बॅग, घ्या, पण त्यातल्या निम्म्या वस्तू बदलायच्या तयारीनेच घ्या. ब्रँडचं नाव टाकत नाही कारण असली लाल बॅग आता बऱ्याच कंपन्यांची मिळते आणि आतला माल जवळपास सारखाच असतो, कुठली पण घेतली तरी हे वाचून उपयोग होईल. मी विजापूर रोडच्या एका पेट शॉपमधून घेतली, अडीच हजाराच्या आसपास, ऑनलाइन थोडी स्वस्त दिसते पण दुकानात बॅग उघडून बघता येते, बकल ओढून बघता येतं, आणि ते ओढून बघणं फार गरजेचं आहे, का ते पुढे येईलच.

आमच्याकडे बंड्या म्हणून एक गावठी कुत्रा आहे, अठरा किलोचा, आणि चिमी नावाची मांजर. हे किट घ्यायचं डोक्यात आलं ते २०२५ च्या सप्टेंबरमुळे. सोलापूर म्हणजे दुष्काळी भाग, इथे कुठला पूर येतोय असंच सगळे धरून चालायचे, आणि त्या महिन्यात सीना नदीने करमाळा, माढा, मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत गावंच्या गावं पाण्यात घातली, लांबोटीजवळ पुणे हायवे बंद ठेवावा लागला, एनडीआरएफच्या आणि लष्कराच्या टीम आल्या. माझ्या मावशीचं गाव सीनेकाठी. रात्री शेजारचे अण्णा दार वाजवत आले, "पाणी वाढलालंय की ओ, आवरा लवकर", आणि मग एकाच वेळी म्हातारी माणसं, कागदपत्रं, गोठ्यातली जनावरं सगळंच बघायचं. गोठ्यातली दावी मावशीच्या काकांनी कापून टाकली ते फार चांगलं केलं, बांधलेलं जनावर पाण्यात जागेवरच जातं, मोकळं असलं तर उंचवट्याला तरी लागतं. पण घरचा कुत्रा बोटीच्या आवाजाला बुजला, गळ्यातला पट्टा डोक्यावरून सटकला आणि तो उसात पळाला. पाणी ओसरल्यावर लांबच्या वस्तीवर सापडला एकदाचा, तोपर्यंत मावशीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

तेव्हापासून असली कुठली पण वस्तू बघितली की मी एकच विचारते, ह्याने जनावर आपल्या हातात राहणार का? खाणं, पाणी, औषध नंतर कुठून तरी मिळतं, आपल्याकडे माणसं देतातच. सुटलेलं जनावर परत मिळेलच असं नाही. म्हणून हा रिव्ह्यू मी त्याच क्रमाने लिहितेय, किटच्या डब्यावर ज्याची मोठमोठ्या अक्षरात जाहिरात आहे त्या क्रमाने नाही.

तर पहिली वस्तू हार्नेस. किटमधला हार्नेस छातीवरून आणि पोटाखालून जाणारा आहे, पट्टा रुंद, शिलाई दुहेरी, इथपर्यंत बरं. पण बकल प्लास्टिकचं आणि त्याच्या एका बाजूची जीभ पूर्ण आत बसतच नाही, टक असा आवाज येतो आणि आपल्याला वाटतं लागलं, बोटाने दाबलं की निघतं. दुकानदाराने दुसऱ्या पॅकेटातला काढून दिला, तो नीट होता. म्हणजे माल एकसारखा नाही, बघूनच घ्यायचा. नंतर घरी बंड्याला घालून मी समोर उभं राहून त्याला मागे जाऊ दिलं, म्हणजे कुत्रं घाबरल्यावर जसं मागे मागे सरकत डोकं काढून घेतं तसं. साधा गळ्याचा पट्टा असला तर तिथेच निसटतो, हार्नेसमधून नाही निघाला. पट्टा किती आवळायचा तर दोन बोटं आत जातील इतका, त्याहून सैल नको. आणि खरी परीक्षा बघायची तर गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला बघा, जानेवारीत होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं तेव्हा शहरातली कितीतरी कुत्री दाराबाहेर पळतात आणि हरवतात, पुराची वाट बघायची गरज नाही.

सोबतची दोरी, म्हणजे लीश, बारीक आहे आणि ओली झाली की हाताला काचते. मी ती बाजूला ठेवली आणि जुनी जाड दोरी टाकली. कडी स्टीलची असावी, किटमधली मुलामा दिलेली आहे, ती गंजणार.

मझलबद्दल जरा थांबून लिहिते कारण ह्याच्यात जिवाचा प्रश्न आहे. किटमध्ये तोंडाला गच्च बसणारं नायलॉनचं मुसकं दिलंय. गरीबातलं गरीब कुत्रं पण दुखापत झाल्यावर किंवा फार घाबरल्यावर चावू शकतं, अगदी मालकाला पण, त्यामुळे मुसकं लागतंच, बोटीत किंवा छावणीत चार माणसांत न्यायचं तर नक्कीच लागतं. पण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ बाहेर काढून धापा टाकूनच गार होतं. तोंड गच्च बंद केलं की धापाच टाकता येत नाही. आता सोलापूरचा मे महिना डोळ्यासमोर आणा, पारा ४३-४४ ला, लाइट गेलेली, आणि कुत्र्याचं तोंड बांधलेलं. थोड्या वेळात उष्माघात होऊ शकतो. म्हणून हे मुसकं फक्त डॉक्टर इंजेक्शन देतात तेवढ्या दोन मिनिटांपुरतं. त्याऐवजी जाळीचं, टोपलीसारखं येतं ते घ्या, त्यात तोंड उघडतं, पाणी पिता येतं, धापा टाकता येतात. कंपनीने उन्हाळ्याच्या देशात हे नायलॉनचं द्यायलाच नको होतं, एक स्टार मी फक्त ह्यासाठी कापलाय.

मग येतो टॅग. किटमध्ये क्यूआर कोडवाला गोल टॅग आहे, मोबाइलने स्कॅन केलं की मालकाची माहिती दिसते. दिसायला भारी, पण स्कॅन करायला नेट लागतं, आणि पूर आला की सगळ्यात आधी लाइट जाते, मागोमाग टॉवर जातो. शिवाय तो टॅग म्हणजे वरून चिकटवलेला कागद आहे, घासला की कोड गेला. ह्याला उपाय आपल्या गावात एकदम सोपा, भांड्याच्या दुकानात भांड्यांवर नाव घालून देतात ना, त्याच मशीनने स्टीलच्या छोट्या चकतीवर नंबर घालून घ्या. मी तसंच केलं, एका बाजूला माझा मोबाइल नंबर, दुसऱ्या बाजूला पुण्याच्या भावाचा. दुसरा नंबर बाहेरगावचाच पाहिजे कारण इथले टॉवर गेले तर घरातले सगळेच नंबर एकदम बंद लागणार. दुकानदार काकांनी आधी विचारलं ताई हे कुठल्या डब्याला, सांगितल्यावर त्यांनी अक्षरं मुद्दाम मोठी आणि खोल घातली, अंधारात बोट फिरवलं तरी कळावीत इतकी.

मायक्रोचिप बसवावी का हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सुईने घालतात, आत १५ आकडी नंबर असतो. पण तिच्यात जीपीएस नसतो, ती जागा दाखवत नाही, रीडर मशीन फिरवलं तरच नंबर वाचता येतो आणि तो नंबर तुमच्या नावावर नोंदवलेला असेल तरच उपयोग. गावाकडे ज्याला कुत्रं सापडेल त्याच्याकडे रीडर कुठून असणार. त्यामुळे चिप बसवा जरूर, पट्टा तुटला तरी ती अंगात राहते, पण चकती आधी.

आता मांजरवाल्यांसाठी. डब्यावर कुत्रा आणि मांजर दोघांचा फोटो आहे, आत मांजरासाठी म्हणून एक छोटा पट्टा आणि माशाच्या वासाचं पाकीट, बस. कॅरिअर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, नाही! मांजराच्या बाबतीत कॅरिअर नसेल तर किटचा काही उपयोग नाही हे मी स्पष्ट लिहिते. घाबरलेलं मांजर कपाटामागे, माळ्यावर, पलंगाच्या पेटीत जाऊन बसतं आणि हाताने धरायला गेलात तर रक्त काढतं. कडक प्लास्टिकचा, वरून पण उघडणारा कॅरिअर वेगळा घ्यावा लागला. वरून उघडणारा का, तर समोरच्या दारातून मांजर चारी पाय ताणून अडून बसतं, वरून अलगद सोडता येतं. आणि तो कॅरिअर माळ्यावर टाकू नका, घरात खाली उघडाच राहू द्या. आमच्याकडे तो कायम हॉलच्या कोपऱ्यात असतो, आत जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा, चिमीचं रोजचं खाणं त्यातच, आता ती दुपारची झोप पण तिथेच काढते. ज्या दिवशी न्यायचं त्या दिवशी फक्त दार लावायचं. कॅरिअर नसलाच आणि वेळ अंगावर आली तर उशीचा अभ्रा, मांजर आत घालून तोंड हलकं बांधायचं, हवा जाते आणि नखं लागत नाहीत, थोड्या वेळापुरतं चालतं.

दारावर लावायचा स्टिकर किटमध्ये आहे, आत प्राणी आहेत असं सांगणारा, ही कल्पना मला फार आवडली. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ माणसं गेली, तेव्हापासून आगीचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. घरात आपण नसताना आग लागली तर फायर ब्रिगेडच्या माणसाला कसं कळणार की आतल्या खोलीत कुत्रं आहे. पण स्टिकर इंग्रजीत आहे आणि अक्षरं बारीक. मी मराठीत ठळक लिहून घेतलं, "आत एक कुत्रा, एक मांजर", खाली मोबाइल नंबर, वरून पारदर्शक टेप.

पाणी आणि खाणं. बाटली अर्ध्या लिटरची दिलीय. कुत्र्याला साधारण किलोमागे ५० ते ६० मिली पाणी रोज लागतं, म्हणजे बंड्याला दिवसाला लिटरभर, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि तयारी कमीत कमी तीन दिवसांची पाहिजे. अर्धा लिटर कुठे पुरणार. वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांनी नळाचं पाणी बघितलेल्या आपल्या शहराला पाणी साठवायला कोणी शिकवायची गरज नाही, पण त्यातला पाच लिटरचा एक झाकणाचा कॅन जनावरांच्या नावाने वेगळा ठेवा आणि पाणी बदलत राहा. पुराचं पाणी प्यायला देऊ नका, त्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, कुत्र्याला पण आणि माणसाला पण. कुत्र्याला त्याची लस दरवर्षी मिळते, रेबीजच्या लसीबरोबर डॉक्टरांना आठवण करून विचारा.

घडीचे सिलिकॉनचे दोन वाडगे छान आहेत, सगळ्या किटमध्ये हीच वस्तू मला जशीच्या तशी पटली. खाण्याची पाकिटं मात्र नको. ज्या कुत्र्याने कधी ते खाल्लं नाही त्याला अचानक दिलं की पोट बिघडतं, आणि परक्या घरात जुलाब लागलेलं कुत्रं सांभाळणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. रोज खातं तेच बांधा. बंड्या ज्वारीची भाकरी खातो, आणि कडक भाकरी तर आपल्या सोलापूरची खासियतच, कितीतरी दिवस टिकते, पाण्यात किंवा चिकनच्या अळणी रश्शात भिजवली की झालं. मीठ-मसाला नाही. एक गोष्ट मात्र बॅगेवर कागद चिकटवून लिहा, कारण छावणीत, पाहुण्यांकडे लोक प्रेमाने काहीही भरवतात: शेंगाची चटणी, कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला द्यायचे नाहीत. लसूण-कांद्याने रक्त बिघडतं, द्राक्षं-बेदाण्याने किडनी जाऊ शकते. आपल्या जिल्ह्यात घरोघरी बेदाण्याची पुडी असते म्हणून मुद्दाम लिहिलं.

फर्स्ट एड पाऊच ठीक. बँडेज, कापूस, चिमटा, चिकटपट्टी, जखम साफ करायच्या पोव्हिडोन आयोडीनची बारीक बाटली. ते औषध पाण्यात मिसळून कोऱ्या चहाच्या रंगाइतकं फिकं करून वापरायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही. मांजराच्या जखमेला डेटॉल लावू नका, त्याला ते विषारी असतं, चाटून पोटात जातं. आणि तापाची आपली पॅरासिटामॉल गोळी मांजराला कधीच नाही, एका गोळीने जीव जातो. घरातल्या मोठ्या माणसांना हे आवर्जून सांगा, ती मायेपोटीच देतात. जनावराला चालू असलेलं औषध असेल तर आठवड्याचं वेगळं काढून ठेवा आणि तारखा बघत राहा.

चांदीसारखं चमकणारं फॉइलचं ब्लँकेट दिलंय, त्याचा खरखर आवाज ऐकून दोघंही पळतात, आमच्या काही कामाचं नाही. त्याजागी दोन टर्किश टॉवेल टाकले, सोलापुरी टॉवेलला जीआय मानांकन आहे ते उगाच नाही, ओलं कुत्रं पुसायला त्याच्यासारखं काही नाही, आणि उन्हात टॉवेल साध्या पाण्यात भिजवून पोटाला, पायाच्या तळव्यांना, काखेत फिरवता येतो. बर्फाचं पाणी एकदम ओतू नका.

सोबतची पुस्तिका पूर्ण इंग्रजीत, आणि त्यात हिमवादळ कसं हाताळायचं ह्यावर दोन पानं! आपल्याकडचं काहीच नाही. पूर, ऊन, आग, आणि हो, भूकंप पण, ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट सोलापूरकरांना पण हादरवून गेली होती, आई अजून सांगते. जमीन हलत असताना जनावराला कवटाळायला धावू नका, ते जिवाच्या भीतीने ओरबाडतं, हलणं थांबलं की मग हाक मारा आणि दोरी लावा. इतकं साधं एक पान मराठीत छापायला कंपनीला काय हरकत होती?

कागदपत्रांचा वॉटरप्रूफ पाऊच चांगला आहे, चेन घट्ट. त्यात लसीचं पुस्तक, आणि आपला आणि जनावराचा एकत्र फोटो ठेवा, ज्यात खुणा दिसतील. बंड्याच्या डाव्या कानाला चीर आहे, ती दिसेल असाच फोटो काढलाय. हे जनावर तुमचंच कशावरून, असं कोणी विचारलं तर दाखवायला. तोच फोटो भावाच्या व्हॉट्सॲपवर पण पाठवून ठेवलाय.

काही जण म्हणतील माणसांचीच सोय होत नाही तिथे कुत्र्या-मांजरांचं काय घेऊन बसलात. अमेरिकेत २००५ मध्ये कॅटरिना वादळ आलं तेव्हा कितीतरी लोक जनावरं सोडून जायची नाहीत म्हणून घरातच थांबले आणि अडकले, त्यानंतर २००६ मध्ये त्यांनी कायदाच केला की आपत्तीच्या योजनेत पाळीव प्राणी धरले पाहिजेत. आपल्या गावाकडे पण हेच बघायला मिळतं, गाय-म्हैस सोडून बोटीत बसायला म्हातारी माणसं तयार होत नाहीत. जनावरांची सोय म्हणजे माणसांचीच सोय. पण छावणीत कुत्रं घेतीलच असं धरून चालू नका, उंचावर राहणारे कोण पाहुणे दोन दिवस ठेवतील ते आत्ताच बोलून ठेवा, आणि नंबर बॅगेवर लिहा: १०७७ जिल्ह्याचा आपत्ती कक्ष, १०१ फायर, ११२, आणि जनावरांच्या डॉक्टरी मदतीसाठी १९६२.

मग सुटं घेतलेलं बरं का? पैशाचा हिशोब केला तर हार्नेस, जाळीचं मुसकं, वाडगे, पाऊच आणि घरची एखादी जुनी शाळेची सॅक, एवढ्यात किटपेक्षा कमीत भागतं, आणि कॅरिअर तर तसाही वेगळाच घ्यायचा. ज्याला दुकानं फिरायला वेळ नाही त्याने किट घ्यावं, बॅग मजबूत आहे, पाठीवर घेता येते, दोन्ही हात मोकळे राहतात, तीन स्टार त्याचेच. दुकानदार भला माणूस आहे, मुसक्याचं सांगितल्यावर त्याने जाळीचं मागवून देतो म्हटलं आणि खरंच मागवलं, वरचा फरक तेवढा घेतला. साइजसाठी कुत्र्याच्या छातीचा घेर आणि नाकाची लांबी टेपने मोजून न्या, मांजराचं वजन पण करून न्या, नाहीतर अंदाजाने घेतलेला कॅरिअर लहान पडतो आणि उघडलेला माल तिथे परत घेत नाहीत.